धड्याचे नाव नसलेला कागद

दिवाळीची सुट्टी संपली की लातूर, नांदेड, पुणे अशा कुठल्याही शहरातल्या अभ्यासिकेत ‘नीट’ची तयारी करणारी मुले-मुली रात्री उशिरापर्यंत बसलेली दिसतात. बायोलॉजीचे पुस्तक पिवळ्या-गुलाबी हायलायटरने रंगलेले असते. फिजिक्सची रफ वही मात्र एकाच साच्याची असते. वर फॉर्म्युला, खाली आकडे, शेवटी चौकटीत उत्तर. आकृती सापडते ती दहा पाने उलटल्यावर एखादी. अभ्यास कसा चाललाय, असे विचारले तर उत्तर आकड्यात येते. “आज साठ झाले.” घरून फोन येतो तेव्हा आईही तेच विचारते, किती झाले? शिकवणीचे सरही तेच विचारतात. कुठले अडले, हे सहसा कोणी विचारत नाही.

या साठच्या हिशेबाबद्दल थोडे बोलायला हवे.

आधी परीक्षेचा हिशेब पाहू. २०२५ पासून ‘नीट’ पुन्हा १८० प्रश्न आणि १८० मिनिटे या जुन्या वळणावर आली. त्यात फिजिक्सचे ४५, केमिस्ट्रीचे ४५ आणि बायोलॉजीचे ९० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक गुण वजा. म्हणजे ७२० पैकी फिजिक्सचे १८०. दोघांचे गुण सारखे झाले तर आधी बायोलॉजीचे गुण पाहतात, मग केमिस्ट्रीचे, फिजिक्सचा नंबर तिसरा. कागदावर पाहिले तर या विषयाला शेवटच्या बाकावर बसवले आहे. पण यादीच्या वरच्या भागात बायोलॉजीचे गुण बहुतेक सगळ्यांनीच मिळवलेले असतात, त्यामुळे अंतर पडते ते फिजिक्समध्ये. सरकारी महाविद्यालय की खासगी, एमबीबीएस की बीडीएस, हा निकाल बऱ्याचदा इथे लागतो. ४ मे २०२५ चा पेपर ज्यांनी दिला त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्या दिवशी फिजिक्सने भल्याभल्यांची दांडी उडवली. २०२४ मध्ये ७२० पैकी ७२० मिळवणाऱ्यांची रांग लागली होती; २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्याचे गुण होते ६८६.

अशा विषयाला घाबरून मुले अधिकाधिक गणिते सोडवू लागली तर त्यांना दोष कसा द्यायचा? सराव हवाच. पण सरावाची संख्या आणि विषयाची समज यांचे नाते आपण समजतो तितके सरळ नाही. कोरियातील किम आणि पाक या दोन अभ्यासकांनी २००२ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. प्रवेश परीक्षेच्या बाबतीत कोरिया आपल्यापेक्षा तसूभरही सौम्य नाही. विद्यापीठात नुकत्याच दाखल झालेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारले की शाळेत असताना तुम्ही मेकॅनिक्सची किती गणिते सोडवली. आकडे ३०० पासून २९०० पर्यंत गेले, सरासरी सुमारे दीड हजार. मग त्यांच्या मूलभूत कल्पना तपासल्या. बल म्हणजे काय, क्रिया-प्रतिक्रिया कोणावर असते, असे साधे प्रश्न. हजारोंनी गणिते केलेल्यांच्या मनात त्याच गैरसमजुती तशाच बसलेल्या होत्या आणि सोडवलेल्या गणितांच्या संख्येचा समजेशी फारसा संबंध दिसला नाही.

हे कोरियापुरते आहे असेही नाही. हार्वर्डमध्ये एरिक मॅझर हे प्राध्यापक प्राथमिक फिजिक्स शिकवत. त्यांच्या वर्गातली बरीच मुले पुढे डॉक्टर होण्याच्या तयारीतली होती, म्हणजे आपल्या ‘नीट’वाल्यांचीच सख्खी भावंडे. १९९० च्या सुमारास त्यांनी एकाच पेपरात एकाच विषयावरचे दोन प्रश्न दिले. एकात विद्युत मंडलाचे समीकरण मांडून आकडा काढायचा होता. दुसऱ्यात एकही आकडा नव्हता. बटण दाबले तर कुठला दिवा अधिक उजळेल आणि कुठला मंद होईल, एवढेच सांगायचे होते. अनेकांनी समीकरणे बिनचूक सोडवली आणि दिव्यांपाशी अडखळले. मॅझर यांनी त्यानंतर शिकवण्याची रीतच बदलली. वर्गात प्रश्न टाकायचा, मुलांनी आपापले उत्तर द्यायचे आणि शेजाऱ्याला ते पटवून दाखवायचे.

असे का होते, याचा एक धागा पिट्सबर्गच्या संशोधकांनी १९८१ मध्ये उलगडला. त्यांनी फिजिक्सच्या गणितांचे कागद दिले आणि सांगितले, सोडवू नका, फक्त गट पाडा. नवशिक्यांनी उतरणीची गणिते एका ढिगात टाकली, कप्पीची दुसऱ्यात, स्प्रिंगची तिसऱ्यात. जाणकारांनी उतरण आणि स्प्रिंग एकाच ढिगात ठेवले, कारण दोन्हींत ऊर्जेची अक्षय्यता लागत होती. गणित पाहताच आत कुठला नियम आहे हे ओळखणे, हे खरे काम. त्यापुढे उरते ती आकडेमोड.

आणि नेमके हेच काम आपल्या शिकवण्या मुलांच्या हातून काढून घेतात. रोजचा सरावाचा कागद, ज्याला सगळे ‘डीपीपी’ म्हणतात, त्याच्या माथ्यावर ठळक अक्षरांत छापलेले असते, ‘वर्क, एनर्जी अँड पॉवर’. खालच्या पंधरा गणितांत ऊर्जेचा नियम लावायचा हे मुलाला न वाचताच कळले. पहिली तीन थोडी जड जातात, चौथ्यापासून हात सरावतो, पंधरावे झाले की आत्मविश्वासही वाढतो. हा आत्मविश्वास खोटा आहे असे म्हणणार नाही, पण तो त्या कागदापुरता आहे. मे महिन्यातल्या पेपरात धड्याचे नाव छापलेले नसते. तिथे सत्ताविसावा प्रश्न प्रकाशाचा, अठ्ठाविसावा वायूंचा आणि एकोणतिसावा नेमका कशाचा, हे ठरवण्यातच अर्धे मिनिट जाते.

रोरर आणि टेलर या संशोधकांचा २००७ चा प्रयोग इथे आठवतो. विषय गणिताचा होता, घनाकृतींचे घनफळ काढण्याचा. एका गटाला एकेका प्रकारची गणिते सलग दिली, दुसऱ्याला सगळी मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, मिसळीवाल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळीवाले ६३ वर राहिले. शिकवणीतल्या टेस्टचे गुण घरी व्हॉट्सॅपवर येतात तेव्हा पालकांनी हे आकडे मनाशी ठेवावेत. एका धड्याच्या टेस्टला ८९ मिळवलेले मूल आणि मिसळलेल्या टेस्टला ६० मिळवलेले मूल, यांतले कोण पुढे आहे हे त्या संदेशावरून कळत नाही.

आता एक गणित जवळून पाहू. ते अकरावीच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत येते. एक मोटार ताशी ३६ किलोमीटर वेगाने चालली आहे. ब्रेक दाबल्यावर ती १० मीटरवर थांबते. वेग ताशी ७२ असता आणि ब्रेक तेवढाच दाबला असता, तर ती किती अंतरावर थांबेल?

सवयीने सोडवणारा विद्यार्थी ३६ चे १० मीटर प्रतिसेकंद करतो, वेग-अंतराच्या सूत्रात घालतो, मंदन ५ काढतो, मग ७२ चे २० करून पुन्हा सूत्रात घालतो. ४०० भागिले १०, उत्तर ४० मीटर. बरोबर आहे. दीड मिनिट गेले. दुसरा विद्यार्थी पेन उचलत नाही. वेग दुप्पट म्हणजे गतिज ऊर्जा चौपट; ब्रेकचे बल तेच, तेव्हा ती ऊर्जा संपवायला अंतर चौपट लागणार. ४० मीटर. दहा सेकंद.

इथपर्यंत कोणतीही बरी शिकवणी सांगते, ‘शॉर्टकट’ या नावाने. खरा सराव यानंतर सुरू होतो. चालकाचा पाय ब्रेकपर्यंत पोचायला अर्धा सेकंद लागतो, असे धरा. ३६ च्या वेगाला त्या अर्ध्या सेकंदात गाडी ५ मीटर जाईल, पुढे ब्रेकचे १०, एकूण १५. मग ७२ ला किती? चौपटीचा शॉर्टकट पाठ केलेले मूल ६० म्हणते. उत्तर ५० आहे. अर्ध्या सेकंदातले अंतर दुपटीने वाढते, ब्रेकचे चौपटीने. १० अधिक ४०. अजून पुढे जाऊ. गाडीत माणसे आणि सामान भरून वस्तुमान दुप्पट झाले तर? ब्रेकचे बल तेवढेच धरले तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट होते. चाके जाम होऊन गाडी फक्त रस्त्याच्या घर्षणाने थांबते असे धरले, तर वस्तुमानाबरोबर घर्षणही दुप्पट होते आणि अंतर जिथल्या तिथे राहते. म्हणजे प्रश्नातले कुठले वाक्य काय धरायला सांगते, हे वाचता यायला हवे. आणि रस्ता उताराचा असेल तर?

या एका गणितावर अर्धा तास गेला, तर त्या दिवशीचा आकडा साठाऐवजी वीसच्या आसपास येईल. फोनवर सांगायला तो बरा वाटणार नाही.

त्या ६० मीटरकडे पुन्हा एकदा पाहा. प्रश्न काढणारा चार पर्याय देतो तेव्हा चुकीचे तीन पर्याय काही चिठ्ठ्या टाकून ठरवत नाही. मुले कुठे घसरतात हे त्याला माहीत असते, आणि त्या प्रत्येक घसरणीच्या टोकाशी तो एक पर्याय ठेवतो. ६० तिथे असणारच. निगेटिव्ह मार्किंगबद्दल जी भीती घातली जाते ती याच्यासमोर ठेवून बघावी. पूर्ण अंदाजाने चार प्रश्न ठोकले तर सरासरीने एक बरोबर येईल, तीन चुकतील. चार वजा तीन, एक गुण पदरात. आंधळ्या अंदाजाने सरासरीत तोटा होत नाही. तोटा होतो तो अर्धवट समजलेल्या गणितात पूर्ण खात्रीने चुकीचा पर्याय रंगवल्यावर, कारण तो सापळा तिथे त्याच विद्यार्थ्यासाठी लावलेला असतो.

सरावाचा दुसरा शत्रू म्हणजे सोल्यूशन. पूर्वी पुस्तकाच्या शेवटी फक्त उत्तरे असत. एच. सी. वर्मांचे १९९२ पासून पिढ्यांनी झिजवलेले पुस्तक घ्या, त्यात सोडवून दाखवलेली उदाहरणे वेगळी आणि स्वाध्याय वेगळा, स्वाध्यायाखाली नुसता आकडा. तो जुळेना तेव्हा आपली चूक आपणच शोधावी लागे. आता गणित अडल्यापासून वीस सेकंदांत मोबाइलवर कोणीतरी ते सोडवून दाखवतो, आणि पाहताना प्रत्येक पायरी पटत जाते. पटणे आणि सुचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याने पोहलेले पाहून कोणी कोयनेत उतरत नाही. मोबाइल बंद करून बसा, असे आजच्या मुलांना सांगणे भाबडेपणाचे ठरेल. पण निदान आकृती काढून, बलांचे बाण दाखवून, काय दिले आहे आणि काय विचारले आहे हे शब्दांत लिहून झाल्याशिवाय सोल्यूशन उघडायचे नाही, एवढा नियम कोणालाही पाळता येतो. सोल्यूशन पाहिल्यावर ते बंद करून दोन दिवसांनी तेच गणित कोऱ्या कागदावर करायचे. तेव्हा ते पुन्हा अडते, असा अनेकांचा अनुभव आहे.

महाराष्ट्रात यात आणखी दोन अडचणी मिसळतात. अकरावीला बायोलॉजी घेणारी बरीच मुले गणित सोडून देतात. ‘डॉक्टरला गणित काय करायचे?’ मग फिजिक्सच्या सुरुवातीच्या धड्यांतच सदिश येतात, साइन-कोसाइन येतात, पुढे कलनाची चिन्हे येतात, आणि सर चार दिवसांत ‘बेसिक मॅथ्स’ नावाचा रतीब घालून मोकळे होतात. मूल म्हणते मला फिजिक्स जमत नाही. त्याला जमत नाही ते बऱ्याचदा त्रिकोणमिती असते. ‘नीट’ला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगची पुस्तिका चालत नाही, त्यामुळे साधी आकडेमोडही वेळ खाते. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीने पावकी, निमकी, दिडकी, औटकी पाठ केली होती. साडेतीन गुणिले सोळा त्यांच्या तोंडावर होते. ती परंपरा घोकंपट्टीची म्हणून आपण टाकून दिली आणि तिच्या जागी काहीच आणले नाही.

दुसरी अडचण भाषेची. दहावीपर्यंत ज्याने संवेग, त्वरण, जडत्व हे शब्द वापरले त्याला जूनमध्ये एकदम मोमेंटम, ॲक्सिलरेशन, इनर्शिया भेटतात. ‘नीट’चा पेपर मराठीतही मिळतो, पण अकरावी-बारावी विज्ञानाचे शिकवणे आणि सरावाचे साहित्य जवळपास सगळे इंग्रजीत असल्यामुळे तो पर्याय घेण्याची हिंमत मोजकेच करतात. म्हणून मुलाने गणित वाचून झाल्यावर ते स्वतःला मराठीत सांगावे, मोठ्याने. ‘एक ठोकळा उतरणीवर आहे, घसरायच्या बेतात आहे, पण घसरत नाही.’ हे वाक्य जमले तर घर्षणाची दिशा आपोआप कळते. यात कमीपणा काही नाही, उलट बऱ्याचदा तेथेच गणित सुटते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. परीक्षाच जर एका सूत्रात आकडे घालायला सांगत असेल, तर मुलांनी समजेच्या मागे लागून वेळ का घालवायचा? ‘नीट’च्या अनेक वर्षांच्या पेपरांत असे एका ओळीचे प्रश्न पुष्कळ होते, हे खरे. पण त्या भरवशावर बसलेल्यांचे २०२५ मध्ये काय झाले ते वर आलेच आहे. आणि २०२४ चा तो वादग्रस्त प्रश्न आठवा. तोही फिजिक्सचाच होता. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, या अर्थाचे विधान बरोबर की चूक, असा मुद्दा होता. पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत ते वाक्य तसेच होते, म्हणून परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दोन्ही उत्तरे ग्राह्य धरली. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात हे ज्याच्या डोक्यात होते त्याने विधान चूक ठरवले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने दिल्ली आयआयटीच्या तज्ज्ञांचे मत मागवले, आणि एकच उत्तर बरोबर ठरले, विचार करणाऱ्याचे. ७२० पैकी ७२० वाल्यांची संख्या तेव्हा ६१ वरून १७ वर आली.

डॉक्टरला फिजिक्स कशाला, हा प्रश्न तर नेहमीचाच. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात वर्षानुवर्षे एक गणित होते. रक्त चढवताना शिरेतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा २००० पास्कल जास्त आहे. रक्त शिरेत जेमतेम शिरावे म्हणून बाटली किती उंचीवर टांगावी? दाब भागिले घनता आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार, उत्तर सुमारे १९ सेंटिमीटर. म्हणजे वीतभर. मुले चौकट करून पुढच्या गणिताकडे जातात. पण रुग्णालयात ज्याने आपल्या माणसाच्या उशाशी रात्र काढली आहे त्याने पाहिलेले असते की बाटली वीतभर उंचीवर नसते, चांगली मीटरभर वर असते. का? हा प्रश्न पडला तर समजावे की गणित मुलापर्यंत पोचले. वीतभर उंचीवर दाब फक्त बरोबरीचा होतो, प्रवाह सुरू होत नाही. बारीक नळी आणि सुई यांचा अडथळा ओलांडून रक्त वेगाने जायचे तर जादा दाब हवा. सुईची त्रिज्या निम्मी झाली तर तेवढ्याच दाबाला प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो, म्हणून अपघाताचा रुग्ण आला की जाड सुई शोधतात. हे पुढे एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला पुन्हा भेटणार आहे.

मुलांना आणि पालकांना सांगण्यासारखे वर आले आहे. शिकवण्या चालवणाऱ्यांना मात्र एकच विनंती. तुमच्या धड्यावार कागदांची गरज आहे, ते चालू ठेवा. पण आठवड्यातून एक कागद, समजा शनिवारचा, असा द्या की ज्यावर धड्याचे नाव नाही, गणिते मागच्या चार महिन्यांतली मिसळून घेतली आहेत आणि संख्या पंधराच्या वर नाही. त्या दिवशी किती सुटली हे विचारू नका. प्रत्येक गणितात पहिला नियम कुठला लावला आणि तोच का, एवढे एका ओळीत लिहून घ्या. छपाईचा खर्च तेवढाच येतो.